फोनला आपलं गाव कधी कळणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोबाइलवर 'जवळचं' काही शोधायचं म्हटलं की पुण्याला एक अनुभव येतो आणि आपल्याकडे मराठवाड्यात दुसराच. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरं दिली आहेत. सेटिंगची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत 'लोकेशन' लिहून पाहा.

प्रश्न : गंगापूरला बसून 'जवळचं टायरचं दुकान' शोधलं तर कधी छत्रपती संभाजीनगर दाखवतं, कधी थेट पुणे. हवामान तर मुंबईचं. लोकेशन कायम चालू असतं. तरी असं का? (एक वाचक, गंगापूर)

फोनचं लोकेशन चालू असलं तरी ते शोधणाऱ्या ॲपला मिळतंच असं नाही. ॲपला परवानगी नसेल तर गूगल आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, जागा ताडतं. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट मोठ्या शहरांतल्या केंद्रांतून बाहेर पडतं, त्यामुळे गंगापूरच्या सिमचा आयपी मुंबई-पुण्याच्या खात्यावर दिसतो. हवामानाचं कोडं तिथंच सुटतं.

आधी रोग ओळखा. गूगलवर काहीही शोधा आणि पान अगदी तळापर्यंत सरकवा. तिथं एका गावाचं नाव असतं आणि ते कशावरून ठरवलं तेही लिहिलेलं असतं: तुमच्या डिव्हाइसवरून, आयपी पत्त्यावरून, की तुमच्या आधीच्या वापरावरून. आयपी लिहिलेलं असेल तर शेजारच्या 'लोकेशन अपडेट करा'वर टिचकी मारा. तरी फरक पडला नाही, तर सेटिंग, ॲप्स, गूगल, परवानग्या, लोकेशन असं आत जा. 'ॲप वापरताना परवानगी द्या' निवडा आणि खालचं 'अचूक लोकेशन वापरा' चालू करा. तुम्ही क्रोममधून शोधत असाल तर हेच क्रोमसाठी वेगळं करावं लागतं. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं: गूगलला परवानगी दिलेली असते, पण शोध चाललेला असतो क्रोममध्ये.

'अचूक' बंद असेल तर अँड्रॉइड (१२ किंवा त्यापुढचं) ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्याइतकीच जागा सांगतं. टायरच्या दुकानासाठी तेवढं पुरतं. वस्तीवरून रस्ता विचाराल तेव्हा मात्र नडतं.

परवानग्या सगळ्या दिल्या तरी गाव आणि शहर यांत फरक उरतोच. शहरात फोन आसपासच्या वायफाय राउटरवरून जागा ओळखतो. दर दहा पावलांवर राउटर असल्यानं घरात बसूनही ठिपका नेमका पडतो. शिवारात वायफाय नसतं, मग उरतात टॉवर आणि उपग्रह. उघड्या माळावर एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो, म्हणून टॉवरवरून काढलेली जागा तेवढीच ढोबळ असते. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं मोठं वर्तुळ दिसलं की फोन अंदाजानं बोलतोय असं समजा. उपग्रहाला मोकळं आभाळ लागतं. पत्र्याच्या शेडखाली तो हात टेकतो. इंटरनेटही नसेल तर धीर धरावा लागतो, कारण जीपीएस उपग्रह स्वतःची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं पाठवतो आणि जागा काढायला लागणारा भाग दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. शेडबाहेर या, मिनिटभर उभे राहा, मग शोधा. सेटिंगमधल्या लोकेशन सेवांत 'गूगल लोकेशन अचूकता' असतं, तेही चालू ठेवा.

प्रश्न : पैठण तालुक्यात नाथसागराच्या काठावर आमचं गाव आहे. 'जवळचं गॅरेज' म्हणून जे दाखवतं ते पाण्याच्या पलीकडे, शेवगाव तालुक्यात निघतं!

'जवळ' ठरवताना शोध आधी नकाशावरचं सरळ अंतर बघतो. मधे धरणाचं पाणी आहे की डोंगर, हे पहिल्या यादीत धरलं जाईलच असं नाही. यादीवर विसंबू नका. दुकानावर टिचकी मारून 'दिशा' दाबा, म्हणजे धरणाला वळसा घालून जाणारा खरा रस्ता आणि वेळ कळेल. त्याहून सोपं म्हणजे 'जवळचं' हा शब्दच सोडा आणि 'गॅरेज पैठण' असं लिहा. गाव दिलं की शोध त्या गावाभोवती फिरतो.

प्रश्न : धर्माबादला तेलंगणाची दुकानं आणि तेलुगू पाट्या दिसतात. फोन मराठीत आहे. देश-भाषा बदलून काही होईल का? (एक किराणा व्यापारी)

नाही. गूगलनं २०१७ पासून सर्चचा प्रदेश संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या देशावरून न ठरवता तुम्ही असाल त्या जागेवरून ठरवायला सुरुवात केली. भाषेच्या सेटिंगनं मेनू मराठी होतील, दुकानं बदलणार नाहीत.

धर्माबाद, देगलूर, उदगीर या सगळ्या सीमेवरच्या गावांची हीच रड आहे. फोननं पलीकडचा टॉवर धरला की टॉवरवरून काढलेली जागाही पलीकडे सरकते. त्यावर अचूक लोकेशन हाच उपाय. दुसरं कारण उघड आहे: धर्माबादहून निजामाबाद जवळ आणि मोठं, उदगीरहून बिदर जवळ. टीव्ही दुरुस्तीला सीमा कशाला हवी! अडचण येते ती सरकारी कामाला. तहसील, दुय्यम निबंधक, रेशन, सेवा केंद्र असं काही शोधताना तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहा: 'आपले सरकार सेवा केंद्र धर्माबाद नांदेड'. शेजारच्या राज्यात त्याच कामाच्या कार्यालयाला वेगळं नाव असतं. 'मीसेवा' दिसलं की तुम्ही तेलंगणात पोचलात.

प्रश्न : गावाचं नाव मराठीत लिहावं की इंग्रजीत? गेवराईला एकदा सापडलेलं दुकान पुन्हा सापडत नाही. आणि औरंगाबाद लिहावं की छत्रपती संभाजीनगर?

दोन्ही लिपींत शोधा, निकाल वेगळे येतात. दुकानदारांनी नकाशावर नावं बहुतेक रोमन लिपीत भरलेली असतात. जानेवारी २०२१ मध्ये गूगल मॅप्सनं अशी नावं मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित करायला सुरुवात केली. त्यामुळे 'साई मशिनरी' असं देवनागरीत लिहिलं तरी दुकान सापडतं. पण हे काम यंत्राचं आहे. रोमनमध्ये 'टी' दिसला की तो 'ट' की 'त', हे त्याला दरवेळी कळत नाही.

मराठवाड्यातल्या गावांच्या रोमन स्पेलिंगचा तर नुसता गोंधळ आहे. गेवराई काही जण 'व्ही' घालून लिहितात, सरकारी कागदांत ती 'जी-ई-ओ' नं सुरू होते. बीडला कुठं दोन 'ई', कुठं एक 'आय', जुन्या नकाशांत मधे 'एच'सुद्धा. केज आणि अंबाजोगाईचीही तीच गत. शहराचं मुख्य नाव कसंही लिहिलं तरी गूगल सांभाळून घेतं. दुकानाच्या नावातच गावाचं नाव असेल, 'गेवराई कृषी भांडार' असं काही, तर मात्र स्पेलिंग चुकलं की दुकान यादीत खाली जातं. सापडलेलं दुकान लगेच 'सेव्ह' करावं, पुन्हा शोधायची वेळ येत नाही.

एकाच नावाची गावं हा वेगळाच ताप. पिंपळगाव, वडगाव जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. नुसतं 'पिंपरी' लिहिलंत तर पिंपरी-चिंचवड समोर येणारच, कारण शोध प्रसिद्ध ठिकाणाला झुकतं माप देतो. गाव, तालुका, जिल्हा हा क्रम मोडू नका. पिनकोडवर फार भरवसा ठेवू नका, एका पिनमध्ये कितीतरी गावं असतात. ४१३ नं सुरू होणारे पिन लातूर-धाराशिवलाही आहेत आणि सोलापूरलाही.

आता नामांतराचं. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांच्या नव्या नावांना केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, जिल्हे-तालुक्यांच्या नावांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. नकाशावरचं शहराचं नाव कंपनी बदलते, पण दुकानाच्या पाटीवरचं आणि पत्त्यातलं नाव दुकानदारानंच बदलायचं असतं. म्हणून शहराच्या पातळीवर नवं नाव वापरा. जुन्या संस्थेचा किंवा दुकानाचा शोध लागत नसेल तर जुन्या नावानं एकदा पाहा. मात्र जुनं नाव एकटं लिहू नका, सोबत 'महाराष्ट्र' हवंच. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, उत्तर प्रदेशातही. रेल्वे स्थानकाचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं आणि सांकेतिक अक्षरंही, आता 'सीपीएसएन'. तिकिटाच्या ॲपमध्ये ही अक्षरं रोमनमध्ये टाका.

बाजारपेठेचंही असंच. आपण म्हणतो मोंढा, नकाशावर भरणारा लिहितो मार्केट यार्ड, नाहीतर रोमनमध्ये बाजार समितीची आद्याक्षरं. 'अडत नवा मोंढा परभणी' नं काही आलं नाही तर 'मार्केट यार्ड परभणी' नं बघा. लातूरकरांचं बरं आहे, गंजगोलाई एकच.

प्रश्न : पुण्यातला भाऊ मॅपवर रस्त्याचे फोटो फिरवून बघतो, दुकानात आत्ता गर्दी किती तेही सांगतो. माझ्या फोनवर जालन्यात यातलं काही नाही. ॲप अद्ययावत आहे. फोन बदलावा का?

फोनचा काही दोष नाही, पैसे वाचवा. फरक त्या त्या भागात गोळा झालेल्या माहितीचा आहे.

रस्त्याचे फोटो म्हणजे स्ट्रीट व्ह्यू. भारतात सुरक्षेच्या कारणावरून ते बराच काळ अडलं होतं. फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक माहितीच्या नव्या नियमांनुसार रस्त्यावरची अशी पाहणी भारतीय कंपन्यांनीच करायची, परदेशी कंपनीनं त्यांच्याकडून परवान्यानं घ्यायची, असं ठरलं. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये गूगलनं जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांच्यासोबत दहा शहरांत ते सुरू केलं. त्यांत महाराष्ट्रातली चार होती: मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर. बीडच्या सीमेपर्यंत आलं आणि मराठवाड्याला वळसा घालून गेलं म्हणायचं! नंतर त्यात शहरं वाढत गेली. तुमच्या गावात आहे का ते असं बघा: मॅप्समध्ये थरांचं चिन्ह दाबा, 'स्ट्रीट व्ह्यू' निवडा. रस्ते निळ्या रेघांनी भरले तर गाडी फिरून गेली आहे. सुटे निळे ठिपके म्हणजे कुणीतरी स्वतः चढवलेले गोल फोटो. काहीच नसेल तर ॲप कितीही अद्ययावत करा, फोटो येणार नाहीत.

गर्दीचा अंदाज तिथं येणाऱ्या, गूगलला लोकेशनची माहिती द्यायला तयार असलेल्या लोकांच्या फोनवरून निघतो. पुरेसे लोक नसतील तर आलेखच उमटत नाही. मोठ्या दवाखान्याचा, मॉलचा जालन्यातही दिसू शकतो, गल्लीतल्या मेडिकलचा नाही. वाहतुकीचे हिरवे-लाल रंगही फोन हलतात त्यावरून येतात. आडरस्त्यावर ते नसतातच, आणि तिथं दाखवलेला वेळ रस्त्याच्या नेहमीच्या वेगावर बेतलेला असतो. पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन पुलावरून पाणी गेलं, हे कुणी कळवल्याशिवाय नकाशाला कळणार नाही. त्या दिवसांत फोनचा रस्ता बाजूला ठेवून फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारावं.

काही सोयी शहरं मोजून सुरू होतात. अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय २०२४ मध्ये आठ शहरांत आली, त्यांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. उलट दुचाकीचा वेगळा रस्ता दाखवणं जगात पहिल्यांदा भारतातच सुरू झालं, डिसेंबर २०१७ मध्ये, आणि ते जालन्यातही चालतं. 'दिशा'मध्ये मोटारसायकलचं चिन्ह निवडा. नाहीतर वेळ चारचाकीचा मिळतो.

प्रश्न : लातूरजवळच्या गावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. फोनवर 'मोटार रिवायंडिंग' शोधलं की लातूरची दुकानं येतात, माझं येत नाही. पैसे भरून वर आणून देतो असे फोन रोज येतात.

ते फोन कापा. नोंद फुकट असते आणि गूगल पैसे घेऊन साध्या यादीतलं स्थान विकत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. यादीतलं स्थान तीन गोष्टींवर ठरतं असं गूगलच सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

दुकानाच्या जीमेलवरून गूगल बिझनेस प्रोफाइल उघडा. नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'लातूरमधील नंबर एक मोटार रिवायंडिंग' असली शेपटी जोडलीत तर नोंद निलंबित होऊ शकते. व्यवसायाचा प्रकार यादीतून निवडायचा असतो. हुबेहूब नसेल तर मोटर किंवा विद्युत दुरुस्तीचा सर्वांत जवळचा घ्या. रिवायंडिंग, सबमर्सिबल, पाणबुडी, स्टार्टर दुरुस्ती हे शब्द 'सेवा'मध्ये एकेक करून भरा, मराठीत आणि रोमनमध्येही. गिऱ्हाईक 'मोटार भरणे' म्हणत असेल तर तेही घाला.

गिऱ्हाईक मोटार घेऊन दुकानात येत असेल तर पत्ता दाखवा. तुम्हीच विहिरीवर जात असाल आणि दुकान घरातच असेल तर पत्ता लपवून 'सेवा क्षेत्र' भरा, त्यात २० पर्यंत ठिकाणं देता येतात. दोन्ही करत असाल तर दोन्ही भरा. पिन टाकताना नकाशा उपग्रह चित्रात बदलून आपल्या पत्र्यावर बोट ठेवा. नुसत्या पत्त्यावर सोडलंत तर पिन गावाच्या मध्यावर, बहुधा ग्रामपंचायतीवर, जाऊन बसते.

नोंद तपासणीत अडते ती व्हिडिओपाशी. न थांबवता, न कापता किमान ३० सेकंदांचं चित्रण लागतं. रस्त्यावरून सुरू करा, शेजारची ओळखता येणारी खूण आणि तुमची पाटी दाखवा, मग स्वतः कुलूप काढून शटर उघडा, आत वायंडिंग मशीन, तांब्याची तार, खोललेली मोटार दाखवा. कुलूप काढणं महत्त्वाचं, दुकान तुमच्या ताब्यात आहे याचा तो पुरावा. बँकेचे कागद, आधार, गिऱ्हाइकांचे चेहरे घेऊ नका. रेंज कमी असेल तर व्हिडिओ चढताना तुटतो, हे काम तालुक्याला चांगल्या नेटवर करण्याजोगं नाही कारण चित्रण जागेवरच व्हायला हवं. शेजाऱ्याचं वायफाय मागा. निकाल यायला कामाचे पाच दिवस लागू शकतात.

प्रसिद्धीसाठी परीक्षणं हवीत. काम झालेल्या शेतकऱ्याला नोंदीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा आणि 'काय काम केलं ते लिहा' एवढंच सांगा. 'पाच एचपीची मोटार दोन दिवसांत भरून दिली' हे वाक्य नुसत्या पाच चांदण्यांपेक्षा जास्त कामाचं. परीक्षणाच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही. सणावाराची सुट्टी 'विशेष वेळा'त टाका. नाहीतर बंद दुकान उघडं दिसतं आणि शिव्या परीक्षणात उतरतात.

प्रश्न : औंढ्याजवळ शेतात घर आहे. गट नंबर सांगून कुरिअरवाल्याला काही कळत नाही. (एक वाचक, जि. हिंगोली)

मॅपवर घरावर बोट दाबून धरा. लाल पिन पडेल, खालची पट्टी वर ओढली की प्लस कोड दिसेल: चार खुणा, अधिकचं चिन्ह, दोन-तीन खुणा आणि पुढे गावाचं नाव. दहा खुणांचा पूर्ण कोड साधारण १४ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. छोटा कोड गावाच्या नावाशिवाय निरुपयोगी आहे. खाली भलत्याच जिल्ह्यातलं गाव लिहिलंत तर ठिकाण शंभर-एक किलोमीटर सरकू शकतं. कोड पत्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा, दुसऱ्या ओळीत 'अमुक फाट्यापासून उजवीकडे, विहिरीजवळ' असं. फाटा सोडू नका, माणूस त्यावरच येतो.

डाक विभागानं मे २०२५ मध्ये डिजिपिन हा असाच जागेचा कोड आणला आहे. तो दहा खुणांचा, सुमारे ४ मीटरच्या चौकोनाचा, म्हणजे अधिक नेमका. डाक विभागाच्या संकेतस्थळावरून आपला काढून ठेवा. पण कुरिअरवाल्याच्या फोनवर गूगल मॅप्स असतं, त्याला प्लस कोडच द्या.

प्रश्न : आयफोनवर मराठीत विचारून दुकान सापडेल का?

बोलून शोधायचं तर गूगलचं ॲप घ्या. त्याला मराठी आवाज २०१७ पासून कळतो, भाषांच्या यादीत मराठी घालावी लागते एवढंच. 'कुठं हाय हो ते' असं सांगण्यापेक्षा 'खत दुकान वसमत' असे सुटे शब्द बोला, निकाल चांगला येतो.

प्रश्न : बँकेचा नंबर सर्चवरून घेऊन फोन केला. समोरच्यानं एक ॲप घ्यायला सांगितलं, तेव्हा संशय आला. असा नंबर येतो कसा? (एक वाचक, बीड)

नकाशावरच्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो, वेळेत आणि फोन नंबरातसुद्धा. गावाकडच्या शाखांच्या नोंदी पुष्कळदा कुणाच्याच देखरेखीखाली नसतात, तिथं असला नंबर टिकून राहतो. बँक, गॅस, वीज, कुरिअर यांचा नंबर सर्चवरून घेऊच नका. पासबुकवर, एटीएम कार्डाच्या मागे, बिलावर असतो तो घ्या. फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारं ॲप कुठलीच बँक घ्यायला सांगत नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० वर कळवा, रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता आली तर येते. आणि ती नोंद उघडून 'बदल सुचवा' मधून नंबर चुकीचा असल्याचं कळवा.

प्रश्न : किनवटच्या जंगलपट्ट्यात रेंज नसते. तिथं मॅप चालेल का?

निघायच्या आदल्या दिवशी उतरवून घ्या. मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी, 'ऑफलाइन मॅप', 'तुमचा स्वतःचा मॅप निवडा', चौकट किनवट-माहूरवर ताणा, डाउनलोड. उपग्रह चित्र, वाहतूक आणि पायी रस्ता यात येत नाही, गाडीचा रस्ता येतो. उतरवलेल्या मॅपला मुदत असते, ती त्याच पानावर दिसते. वायफाय मिळालं की तो स्वतः ताजा होतो, पण बॅटरी वाचवण्याचा मोड कायम चालू असणाऱ्या फोनवर ते राहून जातं. तिथं हातानं 'अपडेट' दाबावं.